सहा चाकी पिकअपला ॲलॉय की व्हील कव्हर? ठाण्यातल्या केटरिंगच्या एका गाडीचं प्रकरण

गाडी टाटा ४०७ या छोट्या ट्रकच्या वर्गातली. पुढे दोन टायर, मागे दोन्ही बाजूंना जोडी, म्हणजे सहा टायर आणि सातवी स्टेपनी. टायर ७.५०-१६, ट्यूब आणि फ्लॅपवाले. हौदा बंद, दोन्ही बाजूंना केटरिंग सर्व्हिसचं नाव. वय नऊ वर्षं, नोंदणी एमएच-०४. माल म्हणजे भट्ट्या, गॅस सिलिंडर, पातेली, टेबलं आणि शेवटी चढणारी माणसं. रोजचा रस्ता घोडबंदर, तिथून कधी भिवंडी बायपास, कधी शिळफाट्यावरून पनवेल, हंगामात लोणावळ्याची ऑर्डर असली की बोरघाट.

मालकांची मागणी रास्त होती. ही गाडी हॉलच्या दारात उभी राहते, वऱ्हाडी तिच्या शेजारून आत जातात. गाडीला नुकताच रंग दिला होता, त्यात गंजक्या चाकांमुळे सगळं काम फिकं पडत होतं. बाजारात त्यांच्यासमोर तीन पर्याय आले: ॲक्सेसरीवाल्याचे क्रोमचे प्लॅस्टिक कव्हर, स्टीलच्या पत्र्याचे डिश कव्हर, आणि ‘फक्त बाहेरच्या चार चाकांना ॲलॉय, आत लोखंडीच राहू द्या’. तिसरा पर्याय मालकांच्या मनात भरला होता.

ज्या गाडीच्या मागे जोडी टायर आहेत, तिथं दिसतं बाहेरचं चाक, पण निर्णय ठरवतं आतलं. बाहेरच्या चाकावर जे काही चढवायचं ते हात आणि आतल्या टायरचा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये येता कामा नये, आणि नट व डिस्क (चाकाची मधली, नटांची होल असलेली थाळी) यांच्यामध्येही येता कामा नये. या दोन अटींत बसेल ते लावा. न बसणारं कितीही देखणं असो, दुकानातच राहू द्या.

गाडी आमच्याकडे आली तेव्हाची स्थिती

मागच्या चाकांवर आधीच एक जुना प्रयोग झालेला होता. प्रत्येक चाकावर स्टीलची डिश, आणि ती धरायला दोन नटांखाली दाबलेली पत्र्याची पट्टी. डिश काढल्यावर पट्टीखालच्या दोन नटांपासून गंजाचे लालसर ओघळ डिस्कच्या कडेपर्यंत उतरलेले दिसले. बाकीच्या तीन नटांखाली तसं काहीच नव्हतं. नट सोडला तर बैठकीवर, म्हणजे नट टेकतो त्या जागी, काळपट पूड निघाली, आणि डाव्या मागच्या चाकाचं एक होल बोटानं फिरवून पाहिलं तरी लांबट झाल्याचं कळत होतं. त्या होलातला स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) एका बाजूनं घासून चकचकीत झाला होता.

असं का होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. चाकाचा नट चाकाला लटकवून ठेवत नाही, तो डिस्कला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या धुऱ्याच्या टोकावर, दाबून धरतो. स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणातून दाब मिळतो. चाकावरचा भार, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका हे सगळं त्या दाबामुळे डिस्क आणि हबच्या घर्षणातून पुढे जातं. नटाखाली मऊ पत्रा किंवा पट्टी घातली की ती हळूहळू चेपते. अर्धा मिलिमीटर चेपली तरी स्टडचा ताण उतरायला पुरेसं होतं. नटाची शंकूसारखी बैठक डिस्कच्या शंकूत बसण्याऐवजी पट्टीच्या कडेवर बसते. मग डिस्क सरकू लागते, होल लांबट होतं आणि त्या दोन नटांचा भार शेजारच्या तिघांवर जातो. जोडी चाकात तर एकाच नटाखाली दोन डिस्क असतात. म्हणजे चेपणाऱ्या जागा आधीच जास्त, त्यात ही पट्टी.

ती डिस्क बदलली आणि स्टड नवे घातले. होल लांबट झालेली डिस्क वेल्डिंग करून वापरू नये. वेल्डच्या उष्णतेनं तिथलं लोखंड ठिसूळ होतं आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट हवेची. दोन तोंडांचा गेज लावून सहाही टायर मोजले. बाहेरचे चार ठीक होते. मागच्या दोन आतल्या टायरांपैकी एकात ठरलेल्या हवेच्या तीन चतुर्थांशही हवा नव्हती. ड्रायव्हरचं म्हणणं सरळ होतं: “साहेब, डिश लावल्यापासून आत हात पोचतच नाही. टॉमीनं ठोकून आवाज बघतो.” ठोकल्यावर पूर्ण बसलेला टायर कळतो, १५-२० पौंड कमी असलेला नाही. जोडीतला टायर तर शेजाऱ्याच्या आधारानं उभा असतो, त्यामुळे बसलेलाही दिसत नाही. ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांच्या खाली चाललेला टायर तसाच हवा भरून रस्त्यावर सोडू नये. तो उतरवून आतून तपासायचा: कडेच्या दोऱ्या सुटल्या आहेत का, आत रबराची पूड पडली आहे का. इथं पूड होती. तो टायर बाद केला.

भाराचा हिशेब मांडला की धोका लक्षात येतो. टायरच्या कडेवर भाराचा अंक १२२/११८ असा होता. १२२ म्हणजे एकटा असताना १,५०० किलो, ११८ म्हणजे जोडीत असताना १,३२० किलो. लग्नाची पूर्ण ऑर्डर भरून गाडी वजनकाट्यावर नेली तेव्हा मागच्या धुऱ्यावर २,९०० किलो आले. म्हणजे एका बाजूला १,४५०, आणि दोन्ही टायर भार वाटून घेत असतील तर प्रत्येकी ७२५. भरपूर सवड आहे. पण आतला टायर मऊ पडला की बाहेरच्या एकट्यावर १,४५० किलो जातात, म्हणजे जवळजवळ त्याची शेवटची मर्यादा, तीही त्याच्यात पूर्ण हवा असेल तरच. गायमुखच्या वळणावर भार एका बाजूला झुकला की ती मर्यादा ओलांडलीच. मऊ टायर शेजाऱ्याला घासतो, दोन्ही तापतात, आणि उन्हाळ्यात हमरस्त्यावर टायर पेटल्याचं जे दिसतं त्याची सुरुवात बऱ्याचदा इथून असते.

ॲलॉय का बसेना

दुकानदारानं दाखवलेलं ॲलॉय १६ इंचीच होतं, मोठ्या एसयूव्हीसाठी केलेलं. नटांची होल गाडीच्या मापानं पाडून देतो, असं त्याचं म्हणणं. इथं चार मापं घेतली. ही चार मापं कोणत्याही जोडी चाकाच्या गाडीला घ्यावीच लागतात.

पहिलं नटांच्या वर्तुळाचं. सहा किंवा आठ होल असतील तर समोरासमोरच्या दोन होलांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की काम झालं. पाच होलांत समोरासमोर होल येतच नाही. मग शेजारच्या दोन होलांतलं अंतर मोजून १.७०१ नं गुणायचं. मध्य शोधत बसू नका. एका होलाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, अंतर तेच येतं. या गाडीत ते १२२ मिमीच्या किंचित वर आलं, म्हणजे वर्तुळ २०८. ऑनलाइन दिसणारे बरेचसे ‘ड्युअली’ (मागे जोडी चाकं असलेल्या गाडीचे) सेट अमेरिकन पिकअपचे असतात. फोर्ड एफ-३५० आणि रॅम ३५०० च्या जोडी चाकाच्या गाड्यांना आठ होल, २०० मिमी. शेवरोलेच्या ३५०० ला २०११ पासून आठ होल, २१० मिमी. फोटोत मापाचे वाटले तरी यातला एकही आपल्याकडच्या पाच होलांच्या हबवर बसणार नाही.

दुसरं माप सगळ्यांत महत्त्वाचं आणि नेमकं तेच दुकानात कोणी घेत नाही: टायरच्या मध्यरेषेपासून दोन डिस्क एकमेकींना टेकतात त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. मागची जोडी म्हणजे एकसारखीच दोन चाकं तोंडाला तोंड लावून बसवलेली असतात. आतल्याचा फुगवटा बाहेर, बाहेरच्याचा फुगवटा आत. म्हणूनच एकच स्टेपनी पुढे, मागे, आत, बाहेर कुठेही चालते. हे अंतर दुप्पट केलं की दोन टायरच्या मध्यांतलं अंतर मिळतं. या गाडीच्या लोखंडी चाकात ते १३३ मिमी होतं, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत २६६. टायरची रुंदी २१५. मधे ५१ मिमी हवा खेळायला, आणि भार आल्यावर खालच्या बाजूला टायर फुगतो त्यासाठी.

आता एसयूव्हीचं ॲलॉय घ्या. त्याचा ऑफसेट, म्हणजे मध्यरेषेपासून टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, ३० मिमी, तोही टायर आत ओढणारा. ते बाहेरच्या जागी लावलं तर मध्यांतर १३३ वजा ३०, म्हणजे १०३ मिमी. २१५ मिमी रुंदीचे दोन टायर १०३ मिमी अंतरावर बसू शकत नाहीत. मूळचं अंतर परत आणायला १६३ मिमीचा स्पेसर (चाकामागे घालायची जाड चकती) लागेल. दुकानदार तो बनवून द्यायला तयार होता! इतका जाड स्पेसर म्हणजे भार बेअरिंगपासून तितका दूर. बाहेरचं बेअरिंग, हब आणि स्टड तिघांवरही त्याचा पिळा पडतो. शिवाय चाक हौद्याबाहेर जातं ते वेगळंच.

तिसरं माप डिस्कच्या जाडीचं आणि स्टडच्या लांबीचं. ट्रकसाठी केलेल्या ॲल्युमिनियम चाकाची डिस्क लोखंडीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड असते. लोखंडाइतकी ताकद यायला तेवढी जाडी लागतेच. त्यामुळे मूळ स्टडवर नटाला पूर्ण आटे मिळत नाहीत. स्टड बदलायचे तर हब उतरवून, दाबून काढून, चारही टोकांना. नटही वेगळे लागतात, कारण लोखंडी डिस्कसाठीचा शंकू नट ॲल्युमिनियमची बैठक खाऊन टाकतो. बाहेर ॲलॉय आणि आत लोखंडी हे तत्त्वतः चूक नाही. अमेरिकन कंपन्या त्यांच्या जोडी चाकाच्या पिकअप अशाच देतात, पुढची दोन आणि मागची बाहेरची दोन ॲल्युमिनियमची, आतली दोन लोखंडी. पण तिथं दोन्ही चाकं एकमेकांसाठी मापून केलेली असतात, स्टड आणि नट त्याप्रमाणे दिलेले असतात. होल पाडून ते जमत नाही.

चौथं माप भाराचं. ॲलॉयच्या मागच्या बाजूला कमाल भार कोरलेला असतो. इथं तो ९०० किलोच्या आत होता. वर सांगितलेले १,४५० किलो आठवा. जिथं भाराचा आकडा कोरलेलाच नाही ते चाक तर मालवाहू गाडीसाठी हातातही घेऊ नये.

आणखी एक अडचण होती, आणि ती मालकांना सर्वांत आधी पटली. ७.५०-१६ ची लोखंडी रिम दोन भागांची असते, एका बाजूला सुटी रिंग. तिच्यात ट्यूब लागतेच, कारण रिंगच्या फटीतून हवा थांबणार नाही. ट्रकचं खरं ॲलॉय मात्र अखंड, ट्यूबलेस, १७.५ किंवा १९.५ इंचांचं. म्हणजे ॲलॉय घेणं म्हणजे नुसती चाकं घेणं नव्हे. सात चाकं, सात नवे ट्यूबलेस रेडियल टायर, नवे स्टड, नवे नट. स्टेपनी लोखंडी ठेवून भागत नाही, कारण जोडीत एक टायर लहान आणि एक मोठा चालत नाही. ८.२५ आणि त्याहून लहान मापाच्या टायरांत जोडीतल्या दोघांच्या व्यासात सहा मिमीपेक्षा जास्त फरक नसावा, आणि असला तर लहान टायर आत घालावा. २१५/७५ आर १७.५ चा व्यास हिशेबानं ७६७ मिमी, तर ७.५०-१६ चा ८०० च्या थोडा वर. जवळजवळ पाच टक्के फरक: वेगाचा काटा जास्त दाखवणार, गाडी खाली बसणार. २२५/७० आर १९.५ चा व्यास ८१० येतो, तो जवळचा. पण त्या मापाचं ॲलॉय पाच होल २०८ मध्ये, १३३ च्या अंतराचं, असं सगळं एकत्र जुळवणं नऊ वर्षांच्या गाडीसाठी शहाणपणाचं नव्हतं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी असतं. नऊ वर्षांच्या या गाडीला दरवर्षी उभं राहायचंच आहे. तिथं होल पाडलेलं ॲलॉय आणि स्पेसर घेऊन जाण्यात अर्थ नाही. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही आधी तिकडेच बघेल.

कव्हरची निवड

ॲलॉय बाद झाल्यावर उरले कव्हर. त्यांची परीक्षा सोपी नव्हती.

प्लॅस्टिकचे क्रोम कव्हर रिमच्या कडेला चापानं अडकतात. मोटारीच्या अखंड रिमवर ते चालतात. इथं मागच्या बाहेरच्या चाकांची सुटी रिंग बाहेरच्या बाजूला आहे आणि चाप त्या रिंगलाच धरणार. हवा भरलेल्या चाकाच्या रिंगवर काहीही ठोकून बसवणं किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं जिवावर बेतू शकतं. रिंग उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही. एवढं एकच कारण पुरेसं होतं. शिवाय हे प्लॅस्टिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि भरलेल्या गाडीनं बोरघाट उतरला की ड्रम त्याच्या कितीतरी वर तापतात. खड्ड्यात कव्हर सुटून मागच्या दुचाकीवाल्याच्या पुढ्यात पडतं ते अशाच ढिल्या झालेल्या चापांमुळे.

म्हणजे स्टील. इथं मालक आपल्याच प्रांतात होते, कारण भांड्यांची पारख त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीच्या काठावर. खारट, दमट हवेत २०२ या हलक्या दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा पहिल्या पावसाळ्यातच चहाच्या डागांसारखा तपकिरी होतो. ३०४ हा वरचा दर्जा टिकतो. लोहचुंबकानं दोघांतला फरक कळत नाही, कारण दोन्ही चुंबकाला जवळजवळ धरत नाहीत. चुंबक घट्ट चिकटला तर तो पत्रा ४३० सारखा, त्याहून स्वस्त. २०२ आणि ३०४ वेगळे करायला बॅटरीसह मिळणारं तपासणीचं द्रावण वापरावं. थेंबाचा रंग गडद लाल झाला की २०२. जाडी १ मिमीच्या आसपास असावी. त्याहून पातळ पत्रा खडखडतो, आणि खडखडणारा पत्रा आपली होलं स्वतःच मोठी करतो.

धरण्याची पद्धत हा खरा प्रश्न. नटाखाली काही नको, रिंगवर काही नको. मागच्या हबच्या मध्यभागी ॲक्सल शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट दिसतात, तिथं पट्टी अडकवण्याचा मोह होतो. तोही नको. ते बोल्ट इंजिनची ताकद चाकाला देतात आणि त्यांच्याखालचं गॅस्केट डिफरन्शियलचं तेल अडवतं. पट्टीमुळे बोल्ट ढिला झाला की तेल ब्रेक ड्रममध्ये उतरतं. उरते एकच जागा: नट पूर्ण कसल्यावर त्याच्या बाहेर राहिलेलं स्टडचं शेपूट. त्यावर वेगळा चेक नट चढवायचा आणि कव्हर त्यावर धरायचं. मूळ नटाला यात कोणीच हात लावत नाही.

शेपूट मोजलं. पुढे १४ मिमी. मागे, दोन डिस्कमुळे, फक्त ६. पुढे चेक नट आणि ३ मिमीची पट्टी व्यवस्थित मावत होती. मागे नाही. निव्वळ कव्हरसाठी मागचे स्टड बदलून लांब घालायचे का, असा प्रश्न आला. नाही. शोभेच्या वस्तूसाठी भार उचलणारा भाग बदलायचा नाही.

मग ठरलं असं: पुढच्या दोन चाकांना ३०४ चं कव्हर, मागच्या चार चाकांना कव्हर नाही, रंग. मालक थोडे नाराज झाले, पुढे चकाकी आणि मागे साधं असं दिसेल म्हणून. पण मागच्या बाहेरच्या चाकाची डिस्क खोलगट असते. तिला नीट रंग दिला तर तीच गाडीच्या बाजूचा सर्वांत ठसठशीत भाग दिसते. रुपेरी पीयू (पॉलियुरेथेन) रंग, नटांवर ते हलले की दाखवणारे पिवळे इंडिकेटर, मध्ये काळा हब. वऱ्हाडी मंडळींना यातलं काहीही अपुरं वाटणार नाही.

काम कसं केलं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, उलट बाजूच्या चाकांना लाकडी ओट लावून. चाकं उतरवण्याआधी प्रत्येकाच्या व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली. जोडी चाकं दोन भागांच्या रिमची असतील तर नट ढिले करण्याआधी दोन्ही टायरची हवा सोडायचीच. आतल्याची तर नक्की, कारण आतली रिंग तडकलेली असेल तर बाहेरून दिसत नाही.

रिम वायर ब्रशनं घासून, गंज काढून, झिंक प्रायमर. रंगाआधी तीन जागा टेपनं झाकल्या: नटांच्या बैठका, डिस्कचा हबला टेकणारा भाग, आणि दोन डिस्क एकमेकींना टेकतात तो भाग. या ठिकाणी रंगाचा थर राहिला तर तोही पट्टीसारखाच चेपतो आणि नट ढिले पडतात. रंगकाम करून आणलेल्या गाडीचं चाक दोन-तीनशे किलोमीटरनंतर डुलू लागतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. रिंगच्या खाचेत रंग भरू द्यायचा नाही. रिंग पूर्ण बसते की नाही हे मग डोळ्यांना कळत नाही.

चाकं परत चढवताना दोन डिस्कच्या खिडक्या (डिस्कमधली मोठी भोकं) एका रेषेत आणल्या, आणि आतल्या व बाहेरच्या टायरचे व्हॉल्व्ह समोरासमोर, म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर ठेवले. त्यामुळे आतला व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या खिडकीतून मोकळा पुढे येतो आणि कुठला कुणाचा याचा गोंधळ होत नाही. आतल्या व्हॉल्व्हला धातूची लांबवणी आणि खिडकीच्या कडेला रबरी आधार दिला. आधाराशिवाय लांबवणी फिरताना हेलकावे खाते आणि मुळाशी गळू लागते. रबराच्या लवचिक नळ्या दिसायला सोयीच्या, पण त्यांनी गळतीची दोन सांधे वाढतात. त्या घेतल्या नाहीत. टोप्या धातूच्या, आत रबरी सील असलेल्या.

नट ताऱ्याच्या क्रमानं, आधी हातानं, मग दोन टप्प्यांत टॉर्क पान्यानं कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. शंकूच्या बैठकीला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, तेलामुळे त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या स्टडचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेलं आहे का ते पाहूनच पाना लावावा.

पुढच्या कव्हरसाठी वागळे इस्टेटमधल्या एका शीट मेटलच्या युनिटातून ३ मिमीच्या पट्टीचं पाच हातांचं कडं कापून घेतलं, प्रत्येक हाताला एक होल, वर्तुळ २०८. कडं स्टडच्या शेपटावर, त्याच्यावर नायलॉनवाला चेक नट, आणि कव्हर त्या कड्याला तीन छोट्या बोल्टनं. म्हणजे कव्हर काढायला दहाचा पाना आणि तीन बोल्ट पुरतात, मूळ नट आणि चेक नट तसेच राहतात. कव्हरला डिस्कच्या खिडक्यांसमोर तितक्याच आकाराची भोकं ठेवली, ब्रेकची उष्णता बाहेर जायला. तळाला तीन ठिकाणी पाणी निघायला ८ मिमीची भोकं. बंद कव्हरात पावसाळ्यात चिखल साठतो, सुकून एका बाजूला बसतो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक मग अलाइनमेंटला पैसे घालतात.

कव्हर टायरच्या कडेबाहेर येतं का, ते सरळ पट्टी टायरच्या फुगवट्यावर आडवी टेकवून पाहिलं. पट्टी आणि कव्हरच्या टोकात १२ मिमी मोकळे राहिले. हे तपासणं पुढच्या चाकाला फार गरजेचं, कारण तिथं हब बाहेर असतो. जांभळी नाक्याच्या गर्दीत कव्हर बाहेर असेल तर पहिला ओरखडा रिक्षाला नाही, माणसाच्या पायाला बसतो.

मागच्या नटांवर पिवळे बाणवाले इंडिकेटर, शेजारच्या दोघांचे बाण एकमेकांकडे तोंड करून. नट हलला की बाण फिरतो आणि ड्रायव्हरला सकाळी गाडीभोवती एक फेरी मारताना दिसतो. प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर तो ड्रम किंवा बेअरिंग तापल्याचा इशारा. कोणत्याही कव्हरपेक्षा या एका गोष्टीसाठी आमचा आग्रह होता, आणि गाडीवर जोडी टायर असतील तर कव्हर घेऊ नका पण हे घ्या.

नंतर

पहिल्या ८० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क पान्यानं कसले. पुढचे हलले नाहीत. मागे नव्या डिस्कच्या बाजूचे दोन नट जरा फिरले, ते अपेक्षितच होतं, नवी डिस्क आणि नवी बैठक जागा घेतातच. आठवड्यानं पुन्हा तपासले तेव्हा कुठलाही बाण सरकलेला नव्हता.

पावसाळ्यानंतर पुढची कव्हर काढून पाहिली. ३०४ वर डाग नव्हता. पट्टीच्या एका हाताला कापलेल्या कडेवर मात्र बारीक गंज होता. कापताना लोखंडाची कणी चिकटली की स्टीलही गंजल्यासारखं दिसतं. पिकलिंग पेस्ट (स्टील साफ करणारी आम्लाची पेस्ट) लावून धुतल्यावर ते गेलं. कव्हर पूर्ण काढल्यामुळे उजव्या पुढच्या हबच्या टोपीभोवती ग्रीसचा ओलसर कडाही दिसला. सील गळू लागलं होतं. म्हणूनच कव्हर लावलेल्या चाकाचं कव्हर महिन्यातून एकदा तरी काढायचं, चकाकी पुसायला नव्हे, आत बघायला.

ड्रायव्हरला दोन तोंडांचा गेज दिला आहे आणि दर सोमवारी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना सहाही आकडे डॅशबोर्डवरच्या वहीत लिहायचे ठरलं आहे. आतल्या दोघांचे आकडे आधी लिहायचे.

मालकांचा ॲलॉयचा विचार पुढच्या गाडीसाठी राहिला. कंपनीतूनच १७.५ इंची ट्यूबलेस चाकांवर येणारी गाडी घेतली, तर त्या मापाच्या ट्रकसाठी घडवलेल्या चाकांचा विचार करता येईल. तेव्हाही दुकानात जाताना कागदावर पाच आकडे लिहून न्या: होलांची संख्या, वर्तुळ, मध्यरेषेपासून डिस्कच्या टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, हबच्या मध्याचा व्यास, आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या धुऱ्याचं वजन. दुकानदार तिसरा आकडा विचारत नसेल, तर दुसरं दुकान बघा.